सासूबाईंचं मलम

१२ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. आईला सांग, जेवते मी नीट. सासूबाई पानाशी बसून वाढतात आणि नको म्हटलं की "लाजतेस काय, घे" म्हणून पिच्छा पुरवतात. खाण्याच्या बाबतीत या घरात कुणी उपाशी मरणार नाही, मेलं तर पोट फुटून मरेल.

आमचं घर कसं आहे विचारलंस. खाली फोटो स्टुडिओ, वर आम्ही तिघं. वर जायचा जिना दुकानातूनच आहे. दुसरं दार नाही. त्यामुळे मी कधी बाहेर पडले, कधी आले, हातात काय होतं, हे पासपोर्टच्या फोटोसाठी मान ताठ करून बसलेल्या माणसालाही कळतं. हे आत दिव्यांखाली फोटो काढतात, मी काउंटरवर पाकिटं देते, आणि मागच्या खोलीत सासूबाईंचं स्वतंत्र राज्य.

हे तुला लग्नाआधी कुणी सांगितलं नसेल. सासूबाई मस काढतात. मलम लावून. चुना, लसूण आणि बाटलीतलं कसलंसं झोंबणारं पाणी, पुढचं त्या सांगत नाहीत. हे मलम त्या फिल्मच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवतात. बायका लांबलांबून येतात. दर्शनी काचेत जोडीजोडीनं फोटो लावलेत, एकात मस आहे, शेजारच्यात नाही. तुला म्हणून सांगते, त्यातले काही मस मलमानं गेलेत आणि काही ह्यांच्या पेन्सिलीनं. निगेटिव्हवर इतकी बारीक पेन्सिल चालवतात की माणसाला स्वतःचाच डाग ओळखू येऊ नये.

तर आता माझी पाळी. परवा सासूबाई काउंटरपाशी आल्या, माझी हनुवटी उचलली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "चेहऱ्यांचं दुकान आपलं, आणि काउंटरवरच्या चेहऱ्यालाच गालबोट! लोक म्हणतील, जगाचे मस काढते आणि घरचा दिसत नाही." सगळे हसले. मीही हसले. रात्री ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मला तर आवडतो तुझा मस. पण आईला नाही कोण म्हणणार?"

कोणीच म्हणालं नाही. आज पहिला लेप लावला. चांगलाच झोंबला. पण सासूबाई स्वतः पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या होत्या. म्हणाल्या, "रड हवं तर. मुळासकट निघाला की मग हसशील."

तुझी,
धाकटी


२० जून

धाकटे,

पत्र आईला वाचून दाखवलं आणि पश्चात्ताप झाला. तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "तो मस माझ्या आईचा होता. तिच्यानंतर हिच्या गालावर आला." मग तास न् तास गप्प. तुला ठाऊक आहे ना तिचं, बोलली की ऐकवत नाही आणि गप्प बसली की त्याहून ऐकवत नाही.

मला विचारशील तर मला तुझ्या मसाचं एवढं काही वाटत नाही. लहानपणी मी त्याला माशी म्हणून फटका मारायचे, आठवतंय? गेला तर गेला. पण झोंबतं म्हणालीस त्याची जरा काळजी वाटली. आमच्या बेकरीत भट्टीचा पत्रा लागला की गार पाण्याखाली हात धरायचा, एवढी एकच अक्कल मला आहे. तुझ्या सासूबाईंना त्याहून जास्त असणार.

तुझे दाजी पत्र ऐकून आरशासमोर उभे राहिले. त्यांच्या मानेवर एक मस आहे, कॉलरला घासतो. म्हणाले, "लिही तिला, माझ्यासाठी एक डबी पाठव." मी लिहिलं. जमलं तर पाठव.

तुझी,
ताई


५ जुलै

प्रिय ताई,

उशीर झाला. तब्येत जरा नरम आहे, काळजीचं काही नाही. सध्या वरच्या खोलीतच असते, दुकानात उतरत नाही. वास सहन होत नाही, जेवण फारसं जात नाही. सासूबाई सगळं वर आणून देतात, मला काडी उचलू देत नाहीत. थोड्या दिवसांत ठीक होईल असं म्हणतात.

दाजींना सांग, डबी इतक्यात नको.

आईला नमस्कार.

धाकटी


१३ जुलै

अगं लबाडे!

वास सहन होत नाही, जेवण जात नाही, सासू काडी उचलू देत नाही, आणि "काळजीचं काही नाही" म्हणे! मी काय काल जन्मले? मला दोन पोरं आहेत! मी पत्र वाचत होते तर आई अर्ध्यावरच उठली, पेटी उघडली आणि तुझ्या लहानपणचं टोपडं काढून बसली. त्याला कसर लागलीय. पण ते तिला दिसत नाही, आणि मी सांगितलं नाही.

तिनं शेजारच्या बाईला सांगितलं. शेजारच्या बाईला सांगितलं म्हणजे पेपरात छापलं. बेकरीतल्या मालकानं माझ्या हातावर केक ठेवला, "बहिणीसाठी" म्हणून. पोस्टानं कसा पाठवणार, आम्हीच खाल्ला, तुझ्या नावानं.

कितवा महिना ते लिही. आणि जिन्यावरून सावकाश.

तुझी,
ताई


२१ जुलै

प्रिय ताई,

पत्र मिळालं. माझी तब्येत आता बरीच बरी आहे. इथं सगळे माझी काळजी घेतात. आईला सांग, घाई करू नकोस, सगळं वेळेवर होईल. टोपडं ठेवून दे.

*

ताई, हे दुसरं पान आईला वाचून दाखवू नकोस.

मला दिवस गेलेले नाहीत. तुझं पत्र वाचून मी पोट धरून हसले, मग गाल ताणला आणि हसू तिथंच जिरलं. माझ्या गालाला भोक पडलंय. भोकच म्हणायचं, दुसरा शब्द मला सुचत नाही. मस गेला, पहिल्या आठवड्यातच काळी खपली होऊन पडला. सासूबाईंनी खपली कागदात धरून ह्यांना दाखवली, दुकानातल्या बायकांना दाखवली. पण खाली लाल मांस होतं आणि मधोमध एक काळसर ठिपका. "मूळ राहिलं," म्हणाल्या, आणि पुन्हा लेप. मग पुन्हा. आता ते रुपयाएवढं झालंय, पिवळं पाणी येतं, त्या बाजूचा डोळा सकाळी उघडत नाही. वास सहन होत नाही म्हणाले होते तो माझ्याच गालाचा.

गिऱ्हाइकांनी असं तोंड बघितलं तर मलमाचं नाव जाईल, म्हणून मला वर ठेवलंय. कोंडलेलं नाही गं, कडी आतूनच आहे. पण जिना दुकानात उतरतो, दुकानात दिवसभर माणसं, आणि मागच्या खोलीसमोर बाकावर बायका डब्यांसाठी बसलेल्या. त्यांच्यामधून मी कशी जाऊ? खिडकी आहे, पण रस्त्यावरचे लोक वर बघतात म्हणून सासूबाईंनी पडदा शिवून घेतलाय. खालचं सगळं ऐकू येतं. दिवसातून कितीदा तरी ह्यांचा आवाज येतो, "हनुवटी थोडी वर... हलू नका... झालं." मी वर बसल्या बसल्या हनुवटी वर करते. सवयच लागली.

हे जेवायला येतात तेव्हा माझ्या चांगल्या बाजूला बसतात. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. म्हणाले, "आई म्हणते अजून थोडा धीर धर. आत्ता नेलं तर आईला काय वाटेल?" वाईट माणूस नाही. पण पावणेसहा फुटांचा माणूस आईसमोर उभा राहिला की खिशात मावेल एवढा होतो.

आणि एक सांगायचं राहिलं. खाली काचेत माझा फोटो लागलाय, मसासकटचा. शेजारी रिकामी चौकट टांगून ठेवलीय, मी बरी झाले की दुसरा लावायला. येणाऱ्या जाणाऱ्या बायका विचारतात, "सून कुठाय?" सासूबाई सांगतात, "माहेरी गेलीय."

ताई, मी माहेरी आहे म्हणे.

धाकटी


२४ जुलै

धाकटे,

तुझी दोन्ही पानं मी आईला वाचून दाखवली. रागवू नकोस. पहिलं वाचून झाल्यावर तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "आता दुसरं वाच." मी म्हटलं, दुसरं कुठलं? म्हणाली, "पाकीट जड होतं."

आता नीट ऐक. ते मलम पुन्हा गालाला लावू द्यायचं नाही. हात धरायचा, ओरडायचं, डबी खिडकीतून फेकायची, काय करायचं ते कर. माझ्या हाताला भट्टीचे डाग कमी नाहीत, पण भाजलेल्यावर पुन्हा पुन्हा भाजत राहणं याला कुणी औषध म्हणत असेल तर मग आमची भट्टी म्हणजे दवाखानाच. डोळ्यापर्यंत सूज आलीय आणि धीर कसला धरायचा?

दाजींनी मालकाला विचारून माझी रजा काढली. मी रविवारी येते. तुझ्या सासूशी मी काय बोलेन ते मला ठाऊक नाही, पण शेजारच्या दुकानांपर्यंत ऐकू जाईल एवढं नक्की.

ताई


२६ जुलै

ताई,

येऊ नकोस. हे पत्र मी गल्लीतल्या पोस्टमनच्या हातात खिडकीतून टाकतेय, पडद्याची शिवण उसवून. रविवारच्या आत पोचलं पाहिजे.

गालाला आता मलम नाही. तुझं पत्र वाचल्यावर मी सासूबाईंचा हात खरंच धरला. मला वाटलं थोबाडीत बसेल. त्या नुसत्या पलंगाच्या कडेला बसल्या, थकून बसतो ना माणूस, तशा. बसताना त्यांचा पायमोजा खाली सरकला. भर उन्हाळ्यात त्या गुडघ्यापर्यंत जाड पायमोजे घालतात, मला वाटायचं सांधे दुखतात. पोटरीवर रक्ताचा डाग होता. मी म्हटलं, "अहो आई, हे काय लागलं?" त्या मोजा वर ओढायला लागल्या आणि मी ओढू दिला नाही.

ताई, पोटरीवर तळहाताएवढा पांढरा, चकचकीत वण आहे, बरं झालेलं भाजलेलं असतं तसा. आणि वणाच्या कडेनं काळं पसरलंय. नुसतं काळं नाही, कुठे निळं, कुठे तांबडं, शाई फुटावी तसं. एका ठिकाणी गाठ आणि तिथून रक्त.

मी विचारलं, "कधीपासून?"

म्हणाल्या, "मामंजी होते तुझे तेव्हापासून. एवढासाच होता गं, मोहरीएवढा. तोच पहिला काढला मी. त्यावरूनच तर मलम सुरू झालं." मग म्हणाल्या, "गेला होता. चांगली दोन वर्षं गेला होता. मग वणाच्या बाजूनं आला. पुन्हा जाळला, पुन्हा गेला. दर वेळी जातो, आणि दर वेळी थोडा पुढे येतो."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"मी? आणि बाकावरच्या बायकांना काय सांगू? जिचा स्वतःचा जात नाही तिच्याकडे कोण येईल? दुकान त्यांच्यामुळे चालतं, फोटोंनी नाही. हे तुझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही." आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ज्या बाईनं मला वर बसवलं तीच माझे हात धरून म्हणत होती, "मला वचन दे, कुणाला सांगणार नाहीस." मी दिलं. काय करणार होते? रडत होत्या त्या.

तू आलीस तर त्या पाय लपवतील आणि कायमच्या मिटून घेतील. तुला सांगितलं म्हणजे वचन अर्धं मोडलंच. पण तू म्हणजे मीच, असं मी स्वतःला समजावलं.

इतके दिवस मी एकटी वर अडकले होते. आता कळलं की या खोलीत त्या माझ्याआधीपासून बसल्यात.

धाकटी


३१ जुलै

धाकटे,

पत्र शनिवारी मिळालं, मी पिशवी भरून तयार होते. आले नाही, पण घरी बसलेही नाही. दाजींना मानेच्या मसासह धरलं आणि सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहे, पण घाई करत नाही. भिंगातून दाजींची मान बघितली. म्हणाली, "निरुपद्रवी आहे. कॉलर ढिली शिवा." दाजींचा अपमान झाल्यासारखा चेहरा झाला.

मग मी विचारलं, कुणाचं नाव न घेता. असा असा मस, रंग बदललेला, कडा वेड्यावाकड्या, रक्त येतं, आणि वर्षानुवर्षं मलमानं जाळलेला. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. तिचे शब्द मला येतील तसे लिहिते: "मलम फक्त वरचं जाळतं. आतलं जळत नाही, ते खाली आणि बाजूला वाढत राहतं, आणि वर वण धरल्यामुळे ते कुणाला दिसत नाही. बहुतेक मस साधेच असतात. पण साधा कुठला आणि घातक कुठला, हे तुकडा काढून तपासल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. जाळून टाकला तर तपासायला उरतं काय?" मग म्हणाली, "त्या बाईंना आज आणा." मी म्हटलं, लांब आहेत. "मग त्यांच्या गावात जो असेल त्याच्याकडे, पण आज."

तुझ्या गालाचंही विचारलं. जखम चिघळलीय, औषध लागेल, वण राहील. आणि त्या काळ्या ठिपक्याचीही तपासणी झालीच पाहिजे म्हणाली.

वचनाचं काय घेऊन बसलीस! बुडणाऱ्यानं "कुणाला हाक मारू नकोस" म्हटलं तर आपण काठावर मुकाट उभं राहतो का? एकच दार आहे म्हणतेस ना, ते दुकानातून जातं. मग दुकानातूनच जा.

आई रोज पोस्टमनची वाट बघत दारात बसते. टोपडं तिनं पेटीत परत ठेवलं.

तुझी,
ताई


१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं घडत होतं म्हणून वेळ नव्हता.

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, "डॉक्टरांचं पोट भरायचंय." आणि मला म्हणाल्या, "तू शब्द मोडलास." मग दोन दिवस ताट दाराशी ठेवून जायच्या, आत यायच्या नाहीत. चालताना लंगडत होत्या ते मला पायऱ्यांवरच्या आवाजावरून कळायचं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी चेहऱ्यावरचं फडकं सोडलं आणि जिना उतरले. दुकान भरलेलं. बाकावर चार बायका. पहिली जी किंचाळली तिचा मला राग नाही, आरशात मीही तेच केलं होतं. हे काळ्या फडक्यातून डोकं काढून बघतात तर मी. सासूबाई मागच्या खोलीतून धावत आल्या, "वर जा! वर जा आधी!"

मनात फार मोठं भाषण ठरवून आले होते, सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "अहो आई, मी दवाखान्यात चाललेय, माझ्या गालासाठी. एकटीला भीती वाटते. तुम्ही सोबत चला."

त्यांनी बाकावरच्या बायकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं मी काय विचारतेय ते. आणि बाकीच्यांना कळलं नाही, हेही त्यांना कळलं. खांद्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "थांब, चपला घालते."

दवाखान्यात त्यांनी माझा हात सोडला नाही. डॉक्टरांनी माझा गाल साफ केला, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनीच डोळे घट्ट मिटले. काळ्या ठिपक्याचा तुकडा घेतला. डॉक्टर हात धुवायला वळले, तेव्हा मी म्हटलं, "आता माझ्या सासूबाईंचा पाय बघा." त्यांचा हात माझ्या हातातून गेला. मला वाटलं उठून जातील. पण त्यांनी खाली वाकून स्वतःच मोजा काढला.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. मांडीच्या सांध्यात चाचपून बघितलं. मग फक्त विचारलं, "घरी आणखी कोण आहे?"

संध्याकाळी ह्यांना मी सांगितलं. ते तसेच खाली गेले. मला खिळे उपसल्याचा आवाज आला. सकाळी काच रिकामी होती.

माझा तुकडा साधा निघाला. त्यांच्या पायाचं अजून यायचंय. माझ्याशी त्या बोलत नाहीत. माझ्या हातचं जेवतात, पट्टी बदलू देतात, पण शब्द नाही.

धाकटी


२६ ऑगस्ट

धाकटे,

तुझा साधा निघाला हे वाचून आई रडली आणि मग म्हणाली, "माझ्या आईचा होता तो, घातक कसा असेल?" आता तिच्याशी कोण वाद घालणार?

सासूबाई बोलत नाहीत तर नसू दे. दोघी एका खोलीत आहात ना, बोलणं कुठे पळून जातं? मी पुढच्या महिन्यात येते, आणि भांडायला नाही. पाव घेऊन येईन.

तुझी,
ताई


८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू आलीस, चार दिवस राहिलीस, त्यांचे पाय चेपलेस, आणि तुझ्याशी त्या घडघडा बोलल्या! तू गेल्यावर पुन्हा शुकशुकाट.

नंतरचं सांगते. तुझ्यासमोर जो रिपोर्ट आला तोच पक्का झाला. कर्करोगच. पोटरीचं मोठं मांस काढलं, मांडीच्या सांध्यातल्या गाठीही काढल्या, त्यांतही पोचला होता. डॉक्टर शब्द देत नाहीत. "मोहरीएवढा असताना आल्या असत्या तर," एवढंच म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. सासूबाईंनी ते ऐकलं. त्या आता वरच्या खोलीत असतात, माझ्या पलंगावर. जिना त्यांना उतरता येत नाही.

मलम बंद आहे, पण बायका यायच्या थांबल्या नाहीत. परत पाठवलं तर म्हणतात, "सून जळते सासूच्या कीर्तीवर." काल एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीचं लग्न ठरतंय, ओठावर मस. मी नाही म्हटलं. ती आवाज चढवायला लागली. तेवढ्यात वरून काठी आपटल्याचा आवाज आला आणि हाक, "त्यांना वर पाठव!"

मला वाटलं, कुठेतरी एखादी डबी लपवून ठेवली असणार. मागोमाग धावले.

सासूबाईंनी मुलीला पलंगावर शेजारी बसवलं. हनुवटी धरून मस बघितला, माझा बघितला होता तसाच. मग एका हातानं स्वतःच्या पायावरची चादर बाजूला केली. "हे बघ. नीट बघ, तोंड फिरवू नकोस. मोहरीएवढा होता." मुलीची आई भिंतीला टेकली. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तूही दाखव हिला." मी खिडकीपाशी गेले आणि उजेडात गाल धरला.

बाई कशीबशी म्हणाली, "मग करायचं काय आम्ही?"

"डॉक्टरला दाखवा. त्यानं काढ म्हटलं तर त्याच्याकडून काढा. काही नाही म्हटलं तर राहू दे. मस आहे तो, चोर नव्हे घरात शिरलेला. आणि मुलाला मस खपत नसेल तर मुलगाच काढून टाका."

मुलगी हसली. आई हसली नाही, पण डबी न मागता गेली.

मी पाणी द्यायला म्हणून थांबले. त्यांनी ग्लास घेतला, प्याल्या, परत दिला. मी अजून खिडकीपाशीच उभी होते, दुपारचं ऊन तोंडावर येत होतं. एवढ्या आठवड्यांनी त्या पहिल्यांदा आपणहून, फक्त माझ्यासाठी म्हणून बोलल्या.

"गालाला ऊन लागू देऊ नकोस, वण काळा पडेल," म्हणाल्या. "इकडे ये. इथं सावली आहे."

मी गेले आणि त्यांच्या शेजारी बसले.

तुझी,
धाकटी